खिशांतून पाहिलेलं शहर

प्रिय बाईसाहेब,
दर्यावरून सलाम!

तू येशील तेव्हा माझं जहाज सुटण्याआधी आपल्याला दोन दिवस बंदराच्या त्या शहरात मिळतील. खोली तळमजल्यावरच घेतलीय, तुझ्या गुडघ्याला जिने नकोत. टॅक्सी एकदाच, बाकी बस. म्हणजे साठवलेल्या पैशांत सगळं बसतं. गुडघा कसा आहे? खरं सांग.

मीही खरं सांगतो. सहा वर्षं फोनवर तुला त्या शहराचं कौतुक ऐकवलं, पण मी बंदराच्या फाटकाबाहेर कधी गेलोच नाही. कपडे धुण्याआधी प्रवाशांचे खिसे तपासतो ना, त्यांतल्या तिकिटांवरून आणि बिलांवरून आपला सगळा बेत आखलाय.

रागावू नकोस. या वेळी तिकिटं आपल्या खिशात असतील.

तुझाच,
जहाजावरचा धोबी