रामबाण आणि गोगलगाई

सोमवार, ३ फेब्रुवारी

हिचा कॉम्प्युटर आज पुन्हा बंद पडला. मधेच, न सांगता, फट्‌दिशी. ही तेव्हा प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात होती. विषय: बागेतल्या गोगलगाई रस्ता कसा शोधतात. प्रबंधही गोगलगाईच्याच चालीने चाललाय, असं मी एकदा चारचौघांत म्हटलं होतं. लोक हसले. ही हसली नाही. विनोदबुद्धी कमी.

महिनाअखेर प्रबंध द्यायचा आहे. मुदत आधी वाढवून झाली. आता नाही, असं गाइडबाईंनी निक्षून सांगितलंय.

ही म्हणाली, दुकानातल्या माणसाला बोलावू. मी नुसता हसलो. ज्या घरात मी आहे त्या घरात दुकानातला माणूस? ऑफिसात सगळी सिस्टिम मी बघायचो. आता सिस्टिम बाहेरच्या कंपनीकडे गेली आणि मी स्टेशनरीकडे, तो भाग वेगळा. स्टेपलरच्या पिना वाटणाऱ्याने कॉम्प्युटर तपासू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

निदान: मेमरी खराब. न बघता सांगितलं. याला अनुभव म्हणतात.

सासूबाई (मुक्काम कायमचा) म्हणाल्या, जावईबापू पायाचं मालिशचं मशीन लावतात, तेव्हाच तो बंद पडतो. ऐकून घेतलं. वय झालंय त्यांचं.

संध्याकाळी पाय फार दुखले. मशीन लावलं. हिचा कॉम्प्युटर परत गेला.

मेमरीच. शंका उरली नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मेमरीची तपासणी विंडोजच्या आत बसून होत नाही. चालत्या गाडीचं चाक काढून बघता येतं का? त्यासाठी कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून वेगळाच सुरू करायचा. त्यातला प्रोग्राम मेमरीच्या कप्प्याकप्प्यात आकडे ठेवतो आणि मग विचारतो, बोल, काय ठेवलं होतं? चुकली की पकडली. हा प्रोग्राम माझ्याकडे ऑफिसच्या सोनेरी काळापासून सीडीवर जपून ठेवलेला आहे. तेव्हा मी खोलीत शिरलो की कारकून खुर्च्या सोडून उभे राहायचे. (खुर्ची मला हवी असायची, पण आदर तो आदरच.)

पेन ड्राइव्ह सापडेना. शेवटी हिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात एक मिळाला. वर लाल नेलपॉलिशचा ठिपका. आत एकच फाइल. उघडली. नुसते आकडे, मधे मधे रेघा. गोगलगाईंची मापं असणार. एवढ्यासाठी अख्खा पेन ड्राइव्ह अडवायचा! बायकांना शिस्त नाही.

उडवली. नुसती उडवली नाही; अर्धवट काम मला जमत नाही. सगळा पेन ड्राइव्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यांनी भरून काढला आणि मग त्यावर प्रोग्राम चढवला. ठिपका घासला, पूर्ण गेला नाही. गोफ ओवून गळ्यात घातला. नाव ठेवलं: रामबाण.

हिला सांगितलं नाही. कळू दे एकदम.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रामबाण लावला. कॉम्प्युटरने आत घेतला नाही. पडद्यावर लाल चौकट: या प्रोग्रामवर मान्य सही नाही.

सही! जुन्या कॉम्प्युटरला जागं करणारा बायोस साधा जीव होता. दारात येईल त्याला या, बसा म्हणायचा. आता त्याच्या जागी यूईएफआय नावाचं नवं फर्मवेअर आलंय आणि त्याने सिक्युअर बूट नावाचा वॉचमन ठेवलाय. कोण तुम्ही, कोणाच्या सहीने आलात, ओळखपत्र दाखवा. ऑफिसात पिनांचा डबा काढायलाही आता मला वरच्याची सही लागते. घरात तरी नको होतं.

मेहुणीचा फोन. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळे तिला वाटतं तिला कळतं. म्हणाली, भाऊजी, तुमचा प्रोग्राम वस्तुसंग्रहालयात द्या. नवं व्हर्जन फुकट मिळतं, सहीचं असतं, सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतं. नाहीतर विंडोजमध्येच एक टेस्ट आहे, ती लावा. आणि काहीही करा, पण फर्मवेअरमध्ये हात घालू नका.

मी म्हटलं, बघतो.

संकल्प: फर्मवेअरमध्ये हात घालायचा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हिने विचारलं, तुम्ही काही करण्याआधी प्रबंधाचा बॅकअप घेऊ ना? मी म्हटलं, वेडी आहेस का, बॅकअप मी कधीच लावून ठेवलाय. सी ड्राइव्हवरचं सगळं रोज आपोआप डी ड्राइव्हवर जातं. सी बुडाला तरी डी आहे. इंटरनेटवर, म्हणजे दुसऱ्याच्या घरात, काही ठेवायचं नाही हा नियम या घरात मीच केला. हिचं ऑनलाइन खातंही मीच बंद केलं. ही जरा निवांत झाली. माझ्यामुळे कोणी निवांत झालं की मला बरं वाटतं. फार क्वचित होतं.

बिल्डिंगच्या ग्रुपवर जाहीर केलं: उद्या सकाळी आमच्याकडे मोफत मेमरी तपासणी शिबिर. सर्वांनी लाभ घ्यावा. एकाने अंगठा दाखवला.

रविवार, ९ फेब्रुवारी

शिबिर. ही गाइडबाईंकडे गेली होती, उद्या संध्याकाळी परतणार, त्यामुळे मैदान मोकळं.

एकच जण आला. समोरच्या दंतवैद्यबाईंनी आपल्या सासऱ्यांना पाठवलं, जुन्या रिपोर्टांच्या फायलीसह. चिठ्ठी: गेल्या महिन्यापासून नावं विसरतात, जरा नीट बघा. मी आजोबांना समजावलं की ही मेमरी वेगळी. ते म्हणाले, अस्सं. मग विचारलं, आपण कोण? मी सांगितलं. ते म्हणाले, अस्सं. मग विचारलं, आपण कोण? सासूबाई त्यांना आत घेऊन गेल्या. दोघं हसत होती. कशाला ते कळलं नाही.

मग फर्मवेअर उघडलं. सिक्युअर बूट बंद. रामबाण तरी चालेना. सह्यांच्या सगळ्या चाव्या पुसल्या. चालेना. खाली सिक्युरिटी चिप अशी एक ओळ दिसली, त्यापुढे क्लिअर. दाबलं. इशारा आला: कुलूपबंद डेटा कायमचा गमावू शकता, रिकव्हरी की जवळ आहे ना? असले इशारे सिगरेटच्या पाकिटावरही असतात. लोक ओढतातच.

होय दाबलं.

रामबाण अजून चालेना. हे फर्मवेअर जुन्या पद्धतीचा प्रोग्राम सुरूच करू शकत नाही, सही असो वा नसो. म्हणजे दोष माझा नाही. हे लिहून ठेवणं गरजेचं होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नवं सहीचं व्हर्जन उतरवलं आणि रामबाणावर चढवलं. मेहुणीला कळायचं कारण नाही.

घरी येऊन लावलं. पहिल्या झटक्यात सुरू! (घाईत पुसलेल्या चाव्या परत भरून सिक्युअर बूट आधी चालू करून ठेवला होता. तरी चाललं. हा मुद्दा कोणाकडे काढायचा नाही.) काय तो पडदा! आकडे सरसर धावताहेत, पट्टी भरत चाललीय. सासूबाईंना बोलावून दाखवलं. म्हणाल्या, छान, आता तिचं पुस्तक दिसू दे.

निकाल: मेमरी निर्दोष. चुका शून्य.

ओळख नवी आहे, अजून लाजत असेल. पुन्हा कधी बघू.

रामबाण काढून विंडोज सुरू केलं. निळा पडदा. त्यावर: रिकव्हरी की. मला आधी वाटलं वाक्य अर्धवट राहिलंय. रिकव्हरी, की काय? मग लक्षात आलं, हा एक लांबच लांब आकडा मागतोय.

हिला सांगितलं, अपडेट चालू आहे, हात लावू नकोस. हिने विचारलं, कधी होईल? मी म्हटलं, उद्या. ही डायनिंग टेबलावर कोऱ्या कागदांवर हाताने लिहीत बसली. म्हणाली, निष्कर्ष डोक्यात आहे तोवर उतरवते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अंदाजाने आकडे घालून पाहिले. फोन नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक. हिची जन्मतारीख पुन्हा पुन्हा लिहून जागा भरली. चुकली. मग सासूबाईंना विचारून खरी घातली. तीही चुकली.

हिने विचारलं, अजून अपडेटच? मी म्हटलं, मोठं आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हिने मेहुणीला बोलावलं. मला न विचारता. घरात पद्धत म्हणून राहिली नाही.

मेहुणीने पडदा पाहिला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, चिप कोणी क्लिअर केली? मी म्हटलं, कधीकधी आपोआप होते. ती म्हणाली, हो, कधीकधी भिंतीही आपोआप पडतात, भाऊजी. मग हिला म्हणाली, असू दे ताई, डिस्कच्या कुलुपाची चावी चिपबरोबर गेली, पण रिकव्हरी की असली तर सगळं परत मिळतं. ठेवलीयस ना?

हिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, ठेवलीय तर! कुलूप लावताना कॉम्प्युटरच म्हणाला होता, ही जपून ठेवा. पेन ड्राइव्हवर आहे. सुईदोऱ्याच्या डब्यात, म्हणजे कोणी हात लावणार नाही. वर ठिपकाही दिलाय नेलपॉलिशचा.

ही डबा आणायला आत गेली. मी शर्टाचं वरचं बटण लावलं.

डबा जमिनीवर उपडा झाल्याचा आवाज आला. रिळं घरंगळत बाहेरच्या खोलीपर्यंत आली. ही दारात येऊन म्हणाली, इथेच होता, लाल ठिपक्याचा.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, तो होय? जावईबापूंच्या गळ्यात आहे की.

मेहुणीने हात पुढे केला. मी गोफ काढून दिला. तिने विचारलं, फॉरमॅट केलात? मी म्हटलं, छे, नुसतं फॉरमॅट करून काय होतं, शून्यांनी भरून घेतला होता आधी. तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, नुसतं फॉरमॅट केलं असतंत तर धडपड करून काही निघालं असतं. भाऊजी, आयुष्यात एक काम पूर्ण केलंत, तेही हे.

मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही, बॅकअप आहे. डी ड्राइव्हवर. मेहुणीने हिच्याकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसं, सांगितलं की सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत. कुलूप दोघांना एकच.

मला वाटलं ही रडेल, ओरडेल. दोन्हीची तयारी ठेवली होती. उत्तरंही तयार होती. हिने एकच विचारलं: तपासणीत निघालं काय?

मी म्हटलं, मेमरी उत्तम आहे.

ही म्हणाली, बरं. आणि रिळं गोळा करायला बसली. रंगांप्रमाणे लावून डब्यात भरली. मीही एक निळं उचलून दिलं. ते हिने घेतलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ही मेहुणीकडे राहायला गेली. गाइडबाईंकडे पहिल्या प्रकरणांचा जुना छापील खर्डा आहे, त्यावरून पुन्हा टाइप करणार. बाकीचं आठवून. मेहुणीचं घर लहान, तिथे एकाच माणसाची सोय. त्यामुळे सासूबाई इथेच. गोगलगाईही इथेच, बाल्कनीतल्या काचेच्या पेटीत. पेटीवर कागद चिकटवून गेलीय: काकडी रोज बदलावी. याखेरीज काहीही करू नये.

फोन करून म्हटलं, मी मजकूर वाचून दाखवतो, तू टाइप कर, काम निम्म्यात होईल. पलीकडून मेहुणी म्हणाली, ताई कामात आहे.

स्वतःच्या नवऱ्याची मदत नको, आणि मग म्हणायचं वेळ पुरत नाही.

संकल्प: हिच्या परतण्याआधी कॉम्प्युटर चकाचक करायचा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

केला. डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घातलं. काय पळतो! सासूबाईंमार्फत निरोप दिला. उत्तर आलं नाही. आनंद व्यक्त करण्याची हिची पद्धत वेगळी.

समोरचे आजोबा आता रोज येतात. सासूबाईंशी गप्पा मारतात. आज मला म्हणाले, तुम्हीच ना ते, ज्यांनी बायकोचा प्रबंध पुसला?

बाकी सगळं विसरतात.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज शेवटची तारीख. सासूबाईंना मेहुणीचा फोन आला. त्या बराच वेळ नुसत्या हं, हं म्हणत होत्या. मग फोन ठेवून पदराने चष्मा पुसला. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, नाही झालं. निष्कर्ष जमला होता, पण ज्या मापांवरून काढला ती मापंच नाहीत, म्हणून बाईंनी घेतला नाही. नोंदणी रद्द. पुन्हा करायचं तर पहिल्यापासून. मी विचारलं, ही कधी येतेय? म्हणाल्या, त्याबद्दल काही बोलली नाही. गोगलगाई तेवढ्या उद्या न्यायला येणार आहे. तुम्ही ऑफिसात असताना.

माणसाने अशा वेळी खचून जाऊ नये. मूळ प्रश्न तसाच आहे: कॉम्प्युटर बंद का पडत होता? नव्याने विचार केला. गेल्या काही दिवसांत तो एकदाही बंद पडलेला नाही. म्हणजे मी केलेल्या दुरुस्तीने फरक पडलाय. हे हिला शांतपणे समजावून सांगता येईल. पुरावा हवा म्हणून रामबाण लावला आणि तपासणी सुरू केली. पट्टी छान भरत होती. चुका शून्य.

खुर्चीत टेकलो. एवढ्या धावपळीत स्वतःकडे लक्षच दिलं नव्हतं. ही गेल्यापासून मालिशचं मशीन पलंगाखालीच पडून होतं. काढलं, पाय घातले, वायर कॉम्प्युटरच्याच बोर्डात खोचली. बटण दाबलं.

फट्‌.

पडदा काळा. पायाखाली मशीन मजेत घुरघुरत होतं.

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, मशीन लावलंत का?

मी म्हटलं, नाही.