घराण्याचा राग

१२ जानेवारी
ताईचा परत फोन. रक्त तपासून घे, रक्त तपासून घे! तिच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ काढली, आता माझ्यामागे लागलीय. म्हणे जीनमधली चूक आहे, बापाकडून आली, तुझ्यातही असेल, निम्मी शक्यता. बापाने आयुष्यात एकच गोष्ट आम्हा दोघांत सारखी वाटली — तीही ही! फोन कापला.

१३ जानेवारी
नाही देणार रक्त.

१६ जानेवारी
लांब्या म्हणाला, तुझी फरशीची ओळ वाकडी गेली. कामावरही हाच, खोलीतही हाच — डोक्यात गेला. हातातला हातोडा फेकला. कान फाटला त्याचा, टाके पडले. मुकादम म्हणाला, पुन्हा असं झालं तर गाशा गुंडाळ.
तळहात ओले, छातीत धडधड. अगदी बाप! तो असा पांढराफटक पडून घामाने निथळायला लागला की आई आधी रेडिओ बंद करायची. मग आम्ही समजायचो, आता ताट उडणार. घराण्याचा राग, म्हणायचे सगळे. जसं काही पदकच मिळालंय! त्याला कंटाळूनच इतक्या लांब आलो ना.

१९ जानेवारी
आज ताईने फोन कापू दिला नाही. बापाचे ते झटके म्हणजे गाठच होती म्हणे. ग्रंथी रक्तात काहीतरी ओतायची, बीपी भडकायचं. साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला टेबलावरच गेला, तोही त्या गाठीनेच. कुणाला माहीतच नव्हतं. "आपण उगाच शिव्या घातल्या रे त्यांना," म्हणाली आणि रडली.
रड म्हणावं. ताटं तिच्या अंगावर नाही आली.
पण मग — लांब्याचा कान? तोही गाठीनेच फाडला की!

२० जानेवारी
रक्त दिलं. लांब्याला सांगितलं, तो मी नव्हतो रे, आजार आहे, घरात सगळ्यांना आहे.
"मग आधी बोलायचंस ना, येड्या."
माझ्या वाटच्या फरशा त्यानेच वर नेल्या. कानाला पट्टी तशीच.

८ फेब्रुवारी
रिपोर्ट ताईच्या डॉक्टरकडे आला. माझ्यात नाही. काहीच नाही. "सुटलास रे बाबा!" हसत होती, रडत होती.
विचारलं, मग तो घाम, ती धडधड?
"राग आला की सगळ्यांनाच होतं ते."
फोन कापला.

९ फेब्रुवारी
लांब्याने विचारलं, काय निघालं? आहे म्हणून सांगितलं.
तो उठला, रेडिओ बंद केला.