मांडीवरचं हेल्मेट

प्रिय मारेन,

तळं यंदा लवकर गोठलं. काल तुझी आई दवाखान्यात हॉटडिशचा, त्या बटाटे-मटणाच्या भाजलेल्या थराचा, डबा घेऊन आली, पण डबा हे निमित्त. मिनिआपोलिसचं शिक्षण संपल्यावर तू तिथल्या मोठ्या आइस हॉकी संघाची डॉक्टर होणार का, हे तिला माझ्याकडून काढून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "होऊ दे की! इथे काय आहे? सकाळी पोरांचे कान तपासायचे आणि संध्याकाळी त्याच पोरांचे गुडघे." ती म्हणाली, "तुम्हीच बिघडवलंत तिला, डॉक." हा आरोप मला कबूल आहे, आणि त्याचा अभिमानही आहे.

तुझी ती सेमीफायनल आठवते? कठड्यावर आपटलीस, उठलीस आणि हसत हसत माझ्याकडे आलीस. "मला काही झालेलं नाही!" मी नेहमीसारखे पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. तुला दोनच आठवले. मी तुझं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. बाकावर ठेवलं असतं तर माझी नजर वळायच्या आत तू बर्फावर असतीस. "दे इकडे, म्हाताऱ्या! तू जन्मात कधी खेळलायस तरी का?" अख्ख्या गॅलरीने ऐकलं. एका गोलने हरलो आपण. तो सगळा हिवाळा तुझे वडील माझ्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत, कंबर धरली तरी शेजारच्या गावी जाऊन दाखवून आले.

बर्फ वितळल्यावर तू एकटीच आलीस. तपासायच्या टेबलावर पाय हलवत बसलीस आणि विचारलंस, "तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "ज्याच्या डोक्याला लागलंय त्याला 'कसा आहेस' विचारून भागत नाही, पोरी. तो ठणठणीतच असतो. म्हणून शेजारी दुसरं कुणीतरी लागतं." त्यावर तू म्हणालीस की मग मी ते 'दुसरं कुणीतरी' होणार. मी हसण्यावारी नेलं, पण घरी जाऊन बायकोला, इंगाला, दोनदा सांगितलं. ती देवाघरी जाईपर्यंत तुझी चौकशी करत होती.

गेल्या शनिवारी सामन्यात आपल्या संघातली सोल्वेग पडली. गुणी पोर, तुझ्यासारखीच हट्टी. तिला मी पाच शब्द सांगितले. कागद मी कधीच बाळगला नाही, इतकी वर्षं सगळं तोंडपाठ. थोड्या वेळाने विचारलं तर तिने पाच शब्द घडाघडा म्हटले, न अडखळता. आणि मारेन, ते बरोबर होते की नाही हेच मला सांगता येईना. मी तिला कुठले शब्द दिले होते, ते माझ्याच डोक्यातून पार पुसून गेले होते. प्रशिक्षक ओरडला, "काय डॉक, सोडायचं का पोरीला?" मी तिचं हेल्मेट मांडीवर घेतलं आणि मान हलवून नाही म्हटलं. ताकास तूर लागू दिली नाही. लोक म्हणाले, म्हातारा अजून तसाच कडक आहे. सोल्वेग रडली. तिला बहुधा काहीच झालेलं नव्हतं.

हे पहिल्यांदाच घडलं असतं तर तुला लिहिलं नसतं. पानगळीपासून चाललंय. मध्ये एकदा तुझ्या आईला, इतक्या वर्षांच्या माझ्या पेशंटला, मी नाव विचारलं. तिला वाटलं थट्टा करतोय, ती खूप हसली. मीही हसलो, आणि मग दार लावून बसलो. रोज सकाळी आरशात स्वतःला सांगतो, मला काही झालेलं नाही. मला भीती वाटते, मारेन.

दवाखाना सांभाळायला ये असं मी म्हणत नाही. तुझा मोठा संघ सोडू नकोस. फक्त नाताळात घरी येशील तेव्हा आधी माझ्याकडे ये, मला त्या टेबलावर बसव आणि पाच शब्द दे. मी चिडेन, टाळेन, तुला नाही नाही ते बोलेन. गॅलरीला ऐकू जाईल असं बोलेन. तू ऐकू नकोस. माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घे, आणि मांडीवर घट्ट धरून बस.

तुझाच,
म्हातारा डॉक