बेचाळीस वर्षांच्या बाळाची पाचवी

खोडाळा, ता. मोखाडा
रविवार, १७ ऑक्टोबर २००४

कमू,

पत्र माझं हाय, जयवंतीचं. अक्षर ओळखून चुलीत घालायला उठली असशील तर खाली बस. वाचून घाल, सरपण तेवढंच होईल.

तुम्ही सगळी बरी असाल असं धरून चालते. तुझ्या सोनीला मुलगा झाला नि तो नाकाने आजीवर, म्हणजे तुझ्यावर, गेलाय, हे बाजारात कळलं. बिचारा. तुका भावजींचा दमा कसा हाय? इकडे घट बसलेत. हळवं भात कापायला आलंय नि कापणारे हात नाशिककडे द्राक्षाच्या बागांत गेलेत. मी मजेत. पुढचा एक दात पडला, पण जीभ शाबूत हाय, त्यामुळे गावाची सुटका झालेली नाय.

म्हातारी आजारी हाय. तुझी आई. कुणाकडून कळलं असेलच, पण माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं. छातीत गाठ होती, ती वर्षभर पदराखाली लपवली. विचारलं की म्हणायची, "किडा चावलाय गो." फुटली तेव्हा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेली. तिथे एकाने तिच्या दंडाचा काळा दोरा कात्रीने कापून कचऱ्यात टाकला. विचारलं पण नाय. त्या दिवसापासून म्हातारीने तोंड मिटलं. डॉक्टर म्हणाले आता घरीच ठेवा, म्हणून आणली.

जखमेला वास यायला लागला. शेजारची जिजा, जी माझ्या चहासाठी रोज पायरी झिजवायची, ती अंगणातूनच ओरडायची, "कशी हाय म्हातारी?" मी म्हणायचे, "आत ये, तिलाच विचार." की पळाली. मी हसायचे जिजाला, पण तुला खरं सांगते, ताट ठेवून मी पण मागे सरायचे.

मग रोहिणी सिस्टर आली. तिच्याबद्दल जरा लांबण लावणार हाय, सोसून घे.

एका संस्थेचा छोटा दवाखाना निघालाय, तिथली ही नर्स. साताऱ्याकडची, शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक. एसटीने येते नि फाट्यावरून तीन मैल चालते. ज्यांना डॉक्टरांनी घरी पाठवलंय त्यांनाच बघते. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "बाई, ही काय बरी होणार नाय, मग पाय कशाला मोडलेत?" तर म्हणते, "बऱ्या होणार नाहीत म्हणूनच आले, मावशी." कमू, माझं तोंड बंद करणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

तिने गोळ्या कुटून जखमेवर भुकटी टाकली, पट्टी बांधली. चार दिवसांत वास गेला. मग एक दिवस म्हातारीच्या खाटेला टेकून बसली नि म्हणाली, "मावशी, भूक लागली, भाकरी आहे का?" तिथेच बसून नागलीची भाकर नि मिरचीचा ठेचा खाल्ला, नाकातून पाणी येईपर्यंत. जिजा खिडकीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी जिजा आत, नि चहा मागायला मोकळी.

दोऱ्याचं कळलं तेव्हा सिस्टरने सुकऱ्या भगताकडून नवा मागवला. "आजी, पट्टीच्या आड येणार नाही असा कुठे बांधू?" विचारून मगच बांधला. तेव्हा म्हातारी बोलली. "ही पोर पुस्तकासारखी बोलते गो, पण हात माणसाचा हाय."

दुखणं किती ते एक ते दहामध्ये सांगा, असं तिने विचारलं. म्हातारी म्हणाली, "दहा काय? अंडी?" सिस्टर हसली, म्हणाली, "मग तुम्ही कसं सांगाल?" तर म्हणे, "काल डोक्यावर लाकडाचा भारा होता. आज दोन हंडे." तेव्हापासून सिस्टरच्या वहीत हंडे नि भारे. बाजारातल्या फोनवरून डॉक्टरला सांगते, "सकाळी एक भारा, गोळीनंतर अर्धा हंडा." सगळा बाजार कान टवकारून ऐकतो. त्या डॉक्टरचं काय होत असेल देवच जाणे.

तुझा भाऊ, माझा धनी, गेला तेव्हा अशी कोणी असती तर. सहा वर्षं झाली. कसा तळमळला ते मी बघितलंय. तेव्हा तू आली होतीस, कमू. वरच्या बांधावर मोहाखाली उभी होतीस, हिरव्या लुगड्यात. मी तुला बघितलं. मी बघितलं हे तू पण बघितलंस. मी हाक मारली नाय.

यावर नंतर लिहिते, भात उतू चाललंय.

सोमवार, सकाळ

भात उतू जात नव्हतं. मी पळाले होते.

आता ऐक. मागच्या पंधरवड्यात गोळी वाढवली तरी म्हातारीचं एकच, "भारा हाय. भारा हाय." सिस्टर म्हणाली, "आजी, कुठे दुखतं ते बोटाने दाखवा." म्हातारीने बोट केलं ते दाराबाहेर. अंगणाच्या कोपऱ्यात, फणसाच्या बुंध्याकडे. मी म्हटलं, "झालं, भ्रमली. आये, तुझं अंगण दुखतंय का?" सिस्टर हसली नाय. उठली, त्या बुंध्यापाशी जाऊन बसली, बराच वेळ. परत आली नि म्हणाली, "भ्रमल्या नाहीत, मावशी. बरोबर दाखवतायत. तिथे काय झालं होतं?"

तिथे काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलं नाय, पण तुला माहीत हाय. तू तुका भावजींबरोबर भिवंडीच्या वीटभट्टीवर गेलीस. आपली पोर जमीन नसलेल्यांच्या वाडीत गेली म्हणून पंच बसले. आणि तुझ्या आईने त्या फणसाखाली तुझे दिवस घातले. जिवंत पोरीचे. मडकं फोडलं, अंघोळ केली, गावाला जेवण दिलं. त्यानंतर बावीस वर्षं ती अंगण झाडते ते तेवढा कोपरा सोडून. मला वाटायचं आळस. मी चिडवायचे पण त्यावरून.

हे सगळं सिस्टरला सांगितलं. वाटलं, आता ही शिकलेली बाई म्हणेल, कसल्या या अंधश्रद्धा, बोलवा पोरीला. तसं म्हणाली असती तर म्हातारीने पुन्हा तोंड मिटलं असतं. म्हातारी रडत होती, "जिला मेली म्हटली तिला बोलावू कशी? मेलेलं माणूस उंबऱ्याच्या आत घेतात का गो?" सिस्टर म्हणाली, "मला नाही माहीत, आजी. ज्याला माहीत असेल त्याला विचारते."

नि गेली थेट सुकऱ्या भगताकडे. चप्पल काढून त्याच्या ओटीवर बसली. "बाबा, जिवंत माणसाचे दिवस घातले, तर ते मागे कसे फिरवायचे?"

आजवर दवाखान्याची माणसं त्याच्या दारात गेली ती दम द्यायला. म्हातारा गोंधळला. म्हणाला, "माझ्या बापाने पण असलं केलेलं नाय." दोन दिवस घराबाहेर पडला नाय. तिसऱ्या दिवशी स्वतः चालत आमच्याकडे आला. "मेलेलं परत येत नाय. पण जन्माला येतं. पोरीची पाचवी करा."

बेचाळीस वर्षांच्या बाईची पाचवी! मी एवढी हसले की जिजा धावत आली. म्हटलं, "भगतबाबा, टोपडं कुठल्या मापाचं शिवू? नि पाळण्याला दोरी पुरेल की साखळदंड आणू?" तो पण हसला, पण शब्द बदलला नाय. आईने मांडीवर घ्यायचं, पाण्याचं बोट ओठाला लावायचं, कानात नाव सांगायचं, की पोर या घरची झाली. मी विचारलं, पंचांचं काय? म्हणाला, "तिघे वर गेले. चौथा बहिरा हाय, त्याला मी खुणांनी समजावतो."

पण म्हातारीला बसवत नाय, छातीवर ती जखम, मांडीवर एवढं मोठं बाळ घेणार कशी? ते पण सिस्टरने ठरवलं. पाऊण तास आधी गोळी. पाठीला पेंढ्याची उशी. तुझं डोकं उजव्या अंगाला, नि भार सगळा सिस्टरच्या हातावर. वहीत चित्र काढून भगताला दाखवलं. त्याने सांगितलं, तोंड उगवतीला पायजे. तिने खोडून परत काढलं. ती पुस्तकी पोर नि तो भगत एका घोंगडीवर बसून एका वहीत वाकलेली बघितली, नि कमू, मला रडू आलं. मला!

गुरुवारी करायचं ठरलंय, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सिस्टर म्हणते, आजी दसरा बघतील, दिवाळीचं सांगता येत नाही.

आता कानात नाव कोणी सांगायचं? आत्याने. पण तुझी आत्या कधीच गेली. भगताने विचारलं तशी म्हातारी म्हणाली, "जयवंती सांगेल."

मी म्हटलं, "मी कशाला? जिजाचा आवाज बरा हाय."

म्हातारीने माझं मनगट धरलं. म्हणाली, "जिच्या तोंडातून नाव बाहेर गेलं, तिनेच ते घरात आणायचं."

कमू, रघ्याने नाय सांगितलं.

तुला वाटतं, तुम्हा दोघांना ओढ्यावर रघ्याने बघितलं नि गावभर केलं. सगळ्या गावाला तेच वाटतं. तुझ्या भावाने त्याला त्यासाठी मारलं पण. रघ्याने आयुष्यात बाकीची सगळी पापं केली असतील, हे नाय केलं. सखाच्या हळदीला तू तापाने घरी पडली होतीस, आठवतं? बायका एकमेकींची नावं गोवून गाणी म्हणत होत्या. मी नवी सून. सगळ्यांना सगळ्यात जास्त मीच हसवायला पायजे, असली खाज. तू फक्त मला जे सांगितलं होतंस ते मी गाण्यात घातलं. तुझं नाव नि तुकाचं नाव. बायका हसल्या. मग एकेक करून हसायच्या थांबल्या. कुडाच्या पलीकडे पुरुष बसले होते.

चेष्टा होती, चेष्टा होती, असं बावीस वर्षं स्वतःला सांगत आले. पण रघ्याला मार पडत होता तेव्हा मी गप्प होते. मडकं फुटलं तेव्हा गप्प होते. तू बांधावर उभी होतीस तेव्हा पण गप्प. माझ्यासारख्या बाईला तीन वेळा गप्प बसता आलं. ती चेष्टा नव्हती.

म्हातारीला पहिल्यापासून माहीत होतं. हळदीच्या घरात ती आतल्या खोलीत होती, तिने ऐकलं होतं. मी तिचे पाय धरले. म्हटलं, "आये, मग मला घरातून काढलं का नाय?"

"एक पोर घालवली होती," म्हणाली. "दुसरी कुठे घालवू?" मग तोंड वाकडं करून, "नि भाकऱ्या काय तुझ्या सासऱ्याने भाजल्या असत्या?"

उद्या सिस्टर तुमच्या जामसरला यायची हाय, तीच हे पत्र तुझ्या हातात देईल. तुझं वाचून होईपर्यंत ओटीवर बसेल. मन नसेल तर तिला चहा पाजून पाठव. ती एक शब्द विचारणार नाय, समजावणार पण नाय. मला तिने बजावलंय, पत्रात जबरदस्तीचं एक वाक्य नको. म्हणून "ये" असं मी तुला कुठेच लिहिलेलं नाय. शोधून बघ.

यायचं असेल, पण तुझ्या कानाशी माझं तोंड नको असेल, तर तसं सिस्टरला सांग. गुरुवारी सकाळीच मी माहेरी निघून जाईन, नाव भगताची बायको सांगेल. म्हातारीची समजूत मी काढेन. हे रुसून लिहीत नाय मी. आपल्याला कोणी हाक मारायची, ते यावेळी तू ठरव.

आणि माझंच तोंड चालणार असेल, तर नुसतं नाव सांगेन. पुढे एक शब्द जोडणार नाय.

खाली "तुझी वहिनी" असं लिहून खोडलंय, दिसत असेल तुला. ज्या पोरीचे दिवस घातले तिची मी वहिनी कशी होणार? गुरुवारी ती जन्माला आली, नि तिने मानलं, तर होईन.

तोवर नुसतीच,
जयवंती