एकाच बाईची दोन नावं

कोरेगाव, जानेवारी १९७५

ज्योत्स्ना,

या नावानं तुला पहिल्यांदाच हाक मारतोय. युद्धाच्या वर्षी बंगालच्या निर्वासितांच्या छावणीत तुझ्या नोंदीच्या चिठ्ठीवर हेच नाव होतं. लग्नात आईनं ताटात तांदूळ पसरले आन् मी अंगठीनं त्यात 'शालू' लिहिलं. आपल्याकडं नवरीचं नाव बदलत्यात, एवढंच मला ठावं.

तुझ्या नागरिकत्वाचा अर्ज बघून कारकून म्हणाला, "छावणीतली ज्योत्स्ना आन् ही शालूबाई एकच, असं नवऱ्यानं लिहून द्यावं." पण पलटणीला न विचारता मी परदेशी बाईशी लगीन केल्यालं. लिहून दिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी त्यानं दिल्याला कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला आन् तुला सांगितलं, साहेब सुट्टीवर हायत.

परवा पोलिसांनी तुला बिनकागदाची परदेशी ठरवून सरहद्दीकडं न्यायला जीपमधी बसवलं. तू वरडलीस, "आवं, सांगा की ह्यांस्नी, मी कोण हाय!" मी अंगणातच उभा हुतो. कागद खिशातच हुता.

त्याच कागदावर हे लिहितोय. कुठं धाडायचं, ठावं न्हाई.

ज्योत्स्ना मंडल हीच शालूबाई, असं लिहून देणारा तिचा नवरा,
मानसिंग