छोटीचे ऑपरेशन आणि वरचा मजला

मी, खाली सही करणारी, प्राण्यांची निवृत्त डॉक्टर, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतः सांगून टाइप करून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाला तो मान्य नाही, पण माझे कोणतेच डॉक्टरी मत त्याला आजवर मान्य झालेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांजरींमागे धावताना वेळच मिळाला नाही.

कलम १. तळमजल्यावरचा दवाखाना, ऑपरेशनचे टेबल, दिवा आणि सर्व अवजारे सध्या तो चालवणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना द्यावीत. गर्भाशय शोधायची बारीक आकडी त्यांनी स्वतःच वापरावी, कोणाला हाताळायला देऊ नये. भिंतीवरची पाटीही काढू नये. "पिल्ले वाटून टाकू म्हणणाऱ्यांनी ती घेणारी माणसे सोबत आणावीत" असे तीवर लिहिले आहे. पाटी लावल्यापासून एकही माणूस सोबत आलेला नाही. पिल्लांची खोकी मात्र दाराशी येतच राहिली.

कलम २. बँकेतील शिल्लक भटक्या मांजरींच्या नसबंदीसाठी वापरावी. ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या डाव्या कानाचे टोक कापायचे असते, म्हणजे तिला पुन्हा पकडून भूल द्यावी लागत नाही. आमच्या गल्लीला ते विद्रूप दिसते. कापलेला कान दिसतो आणि गटारातली मेलेली पिल्ले दिसत नाहीत, अशा डोळ्यांवर माझ्याकडे इलाज नव्हता.

कलम ३. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर यांना काहीही देऊ नये. त्यांचा दांडगा कुत्रा सेनापती कुंपण ओलांडून हवा तिथे जातो, आणि पुढचे निस्तरायला मी. "डॉक्टरीणबाई, मर्द आहे तो, फिरणारच," हे त्यांचे ठरलेले उत्तर. नसबंदीचा विषय काढला की ते पायावर पाय घट्ट टाकून बसतात. मी कुत्र्याबद्दल बोलते आहे, हे त्यांना आजतागायत पटवता आलेले नाही. साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले आहे, कारण साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही.

कलम ४. वरचा मजला. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो आणि घड्याळे दुरुस्त करतो. त्याची कुत्री राणी माजावर आली की दर खेपेला मी वर जाऊन ऑपरेशनचे सांगत असे.

"ताई, एकदा तरी आई होऊ दे की तिला," तो म्हणे.

ती झाली, सेनापतीच्या कृपेने. मग सुरू झाले, "निसर्गाच्या कामात ढवळाढवळ कशाला?" मग तू दाढ का उपटून घेतलीस, असे मी विचारले, तर चार दिवस खाली आला नाही. शेवटी राणीच्या गर्भाशयात पू झाला. त्याने तिला आणले तेव्हा तिला उभेही राहवत नव्हते. मी पोट उघडले, पण उशीर झाला होता. ती माझ्याच टेबलावर गेली. मला इतका राग आला होता की भावाजवळ बसून धड रडताही आले नाही.

छोटी ही राणीची मुलगी. आता तीही मोठी झाली आहे आणि भावाची टाळाटाळ तीच: थंडी सरू दे, अंगात ताकद येऊ दे. माझे हात थरथरतात, नाहीतर मी त्याच्या परवानगीची वाट पाहिली नसती. छोटीचेही एक दिवस तसेच होईल, या भीतीने मला झोप लागत नाही. सांगून झाले, ओरडून झाले, हात जोडून झाले. म्हणून वरचा मजला भावाला मिळावा, पण माझ्या मृत्यूपूर्वी छोटीचे ऑपरेशन झालेले असेल तरच. नसल्यास तो विकून रक्कम कलम २ कडे वळवावी. अट ऐकून तो एवढेच म्हणाला, "ताई, तू मला घराने बांधतेस." हो, बांधते. माझ्या हाताशी दुसरे काही उरलेले नाही.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला भाषणे नकोत. ज्यांच्या घरी नुकतीच पिल्ले झाली आहेत त्यांनी येऊ नये. ते खोके घेऊनच येतील.

साक्षीदार
१. शेजारी, निवृत्त बँक मॅनेजर (सही)
२. धाकटा भाऊ, घड्याळे दुरुस्त करणारा (सही)

सह्यांनंतर माझ्या हाताने लिहिलेले:

दुसरी सही कोपऱ्यावरच्या दुकानदाराची व्हायची होती. तेवढ्यात भाऊ छोटीला घेऊन आत आला. तिच्या गळ्यात प्लास्टिकची भली मोठी कॉलर होती आणि पोटावर टाके होते. खुर्च्यांना धडकत ती माझ्यापाशी आली. परवा मी या मृत्युपत्रासाठी वकीलबाईंकडे गेले असताना दवाखान्याच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन उरकले, आणि ताईला सांगू नका अशी भावाने त्यांना गळ घातली. तो सगळा वेळ टेबलाशी उभा होता म्हणे.

"मला ऑपरेशनची नाही गं, त्या टेबलाची भीती वाटायची," तो म्हणाला. "राणी तिथंच गेली ना."

हे एकदा तरी तोंड उघडून सांगायला काय झाले होते? राणी गेल्यापासून मी हट्टीपणाशी भांडत बसले.

मग त्याने दुकानदाराच्या हातातून पेन घेतले आणि सही ठोकली. सह्या करून घ्यायला आलेल्या वकीलबाई ओरडल्याच, "अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही! तुमचा मजला गेला!"

"ठाऊक आहे. दुसऱ्या वकिलाला विचारून आलोय," तो म्हणाला. "घरासाठी केलं, असं उद्या हीच म्हणाली असती."

म्हणाले असते. तरीही माझा नुसता संताप झाला आहे. आता हे सगळे पुन्हा टाइप करून घ्यायचे, आणि सह्यांच्या वेळी भावाला बाहेर कोंडायचे. तोवर मला मरायची सोय राहिलेली नाही. अट मी त्याला घातली होती, आणि अडकवले त्याने मला.

(सही) मोठी बहीण
ठिकाण: दवाखान्यामागची खोली, तळमजला
दिनांक: ११ फेब्रुवारी. छोटी पायाशी झोपली आहे.