सहा आठवड्यांचं शांत पाणी

डोकमर्डी, सिल्वासा

प्रिय गौरी,

काल फोनवर तू इतकी खुशीत होतीस की मी नुसता हूं हूं करत राहिलो. पुढचं बोलायला जीभ रेटेना, म्हणून हे पत्र.

नोकरीत असताना खेरडीच्या कालव्यात वेगमापक सोडून मी रोज तासभर, दर अर्ध्या मिनिटाला, पाण्याचा वेग टिपायचो. साहेबांना फक्त सरासरी हवी असायची. बाकीचे आकडे कुणी वाचलेच नाहीत. निवृत्त होताना वह्या घरी आणल्या, तेव्हा तुझी आई म्हणाली होती, रद्दीत आणखी भर. त्या रद्दीवर माझीच लेक पीएचडी करील असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पाणी बराच वेळ सरासरीच्या आसपास रेंगाळतं आणि मधेच भलतीच उसळी घेतं, या उसळ्या घंटेसारख्या आलेखात मावत नाहीत आणि खरी गोम त्यांच्यातच आहे, हे तू मला दिवाळीत शिकवलंस. मी मान डोलावली, पण बाई, वेगमापकाचा दोर धरणाऱ्या बारकूचा हात त्या उसळीने कसा हिसकला जायचा ते मी रोज पाहत होतो.

आता तुला त्या वह्यांत असे सहा आठवडे सापडलेत, की ज्यांत एकही उसळी नाही. पाणी इतकं शांत कसं झालं, यावर तुझे सर तुला पहिला शोधनिबंध लिहायला सांगताहेत आणि शनिवारी तू तो पाठवणार. गौरी, तो पाठवू नकोस.

आकड्यांच्या नादात तारखा बघायच्या राहिल्या तुझ्या. तुझा जन्म त्यांतलाच आहे. दिवस भरायच्या आधीच तू आलीस, दीड किलोची, आणि वापीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतीस. माझी रजा संपली होती. बाहेरच्या बाकावर बसून मी आकडे मनानेच लिहीत गेलो, थोडे कमी, थोडे जास्त. आत काही एकदम वरखाली होऊ नये एवढंच तेव्हा मागत होतो, त्यामुळे मोठा आकडा लिहायला हात धजेना. हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही. तुझ्या गणिताने चोर बरोबर पकडला, आणि खरं सांगतो, फार हायसं वाटलं. सरांना माझं नाव घेऊन सांग आणि ती पानं वगळ. बाकीचं सगळं खरं आहे. तुला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कालव्यावर गेलो. तिथून पुढे उसळ्याच उसळ्या आहेत.

तुझाच,
बाबा